लाल विटांच्या चर्चवर माझी लेक

त्या दिवशी चर्चपाशी कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, इंदूबाई. माझे जावई महेश. नात अन्वी, सात वर्षांची. डेरेक नावाचा मुकादम, साठीचा गोरा माणूस, पांढऱ्या मिशा. चर्चच्या चाव्या सांभाळणारी पॅट, माझ्याच वयाची. आम्ही पाच जणं खाली. वर दोघं होती, एक पोलंडचा माणूस, तो बोलायचा कमी, आणि दुसरी माझी लेक वैशाली.

मी तिसरीपर्यंत शिकले. सही येते, बसची पाटी वाचता येते. हे मी बोलतेय आणि जावई फोनवर टाइप करतायत. मधेमधे शुद्ध करायला बघतात, मी करू देत नाही.

ईलिंग

पुण्याहून मी एप्रिलात वैशालीकडे आले. ती लंडनच्या ईलिंग भागात राहते. पहिले आठ दिवस मी खिडकीतनं नुसती घरं बघितली. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी विटांची, आणि एकालाही गिलावा नाही. मला वाटलं कामं अर्धवट राहिलीत. जावयांना म्हणलं, "बिल्डर पळून गेला वाटतं." ते हसायला लागले. म्हणले, "आई, ही शंभर वर्षांची घरं आहेत. इकडे वीट उघडीच ठेवतात."

विटांशी माझं जुनं आहे. लहानपणी आईबापाबरोबर भट्टीवर चिखल तुडवला. लग्नानंतर पुण्यात बांधकामावर बिगारी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वीट. माझे मालक, म्हणजे वैशालीचे वडील, गवंडी होते. वैशाली चौथीत असताना ते परांचीवरून पडले. परांची म्हणजे बांबू बांधून करतात ती, गवंड्याला उभं राहायला. काथ्याची गाठ सुटली. काथ्या जुना होता, मागच्या दोन कामांवर वापरलेला. मी त्याच बिल्डिंगच्या जिन्यात होते, घमेलं घेऊन. आवाज ऐकला. त्याच्यावर जास्त बोलायचं नाही मला.

वैशाली शिकली, स्कॉलरशिपवर शिकली, इंजिनियर झाली, इकडे आली. काय काम करते असं कुणी विचारलं की मी सांगायचे, जुन्या बिल्डिंगी तपासते. मला वाटायचं कॉम्प्युटरवर फोटो बघते, पास की नापास सांगते. पंखा असेल, खुर्ची असेल.

मेच्या शेवटी अन्वीला शाळेला आठवडाभर सुट्टी लागली. हाफ टर्म म्हणतात. वैशालीचं काम निघालं बर्मिंगहॅमला. जावई म्हणले, सगळेच जाऊ, मी तिथून लॅपटॉपवर काम करतो.

वैशाली म्हणली, "आईला तिथे काय बघायचंय? बोअर होईल ती."

"कालवे बघतील की. बोटी असतात."

"मग तू सांग तिला."

"मी कशाला? तू सांग."

मी विचारलं, "काय सांगायचंय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जावई म्हणले, "थंडी असते आई. स्वेटर घ्या."

बर्मिंगहॅम

राहायला एक फ्लॅट घेतला होता, पाच दिवसांसाठी. लिफ्टचा, काचेचा, कालव्याच्या काठी. पाणी काळं, आणि त्याच्यात बदकं. रस्त्यावर सगळ्या तऱ्हेची माणसं, सरदार, बंगाली, काळी, गोरी. एक बाई मला "बॅब" म्हणली. मला वाटलं शिवी दिली. जावई म्हणले, इकडे मायेने म्हणतात तसं.

संध्याकाळी मी भाकरी टाकली. ज्वारीचं पीठ ईलिंगवरून आणलं होतं. वैशाली दुकानात गेलेली, जावई फोनवर. कोपऱ्यात वैशालीची मोठी बॅग होती. स्टेशनवर पण तिने ती कुणाला उचलू दिली नव्हती. वाटेत होती म्हणून मी पायाने सरकवायला गेले.

अन्वी ओरडली, "आजी, हात नको लाव. तो मम्मीचा बॅग आहे."

"काय आहे त्यात एवढं?"

"रोप्स. मम्मी टॉवरच्या टॉपला जातो आणि मग स्लो स्लो खाली येतो. लाईक स्पायडर."

"कोण जातं?"

"मम्मी. आणि तो वॉलला टॅप टॅप करतो. वीट सिक आहे का बघतो."

माझा हात तिथेच राहिला. तव्यावरची भाकरी राहिली. ती जळली, धूर झाला आणि छताला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. अन्वी कानावर हात ठेवून नाचतेय, जावई खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालतायत, आणि मी बॅगेकडे बघतेय. शेजारचा माणूस दार ठोकून विचारून गेला सगळं ठीक ना. ठीक काय असायचं?

वैशाली आली. घरात जळका वास, तिने माझं तोंड बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या लेकीने."

"आई, मी खोटं नाही बोलले. बिल्डिंगी तपासते असंच सांगितलं होतं."

"लटकून तपासते हे नाय सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी दुसरी भाकरी टाकली. चार वर्षं ती दोरावर काम करत होती आणि मी पुण्यात निवांत झोपत होते. त्या झोपेचा मला राग आला.

चर्च

सकाळी सगळे गेलो. पहिला दिवस नुसता बघायचा, वर जायचं दुसऱ्या दिवशी, असं वैशाली म्हणली. मी म्हणलं, दाखव तरी.

चर्च जुन्या वस्तीत आहे. आजूबाजूला बैठी घरं, मोबाईलची दुकानं, केस कापायची दुकानं, आणि त्यांच्यामधून हे वर गेलेलं. लाल वीट, मधेमधे निळसर काळ्या विटांचे पट्टे. खिडक्या अरुंद आणि उंच, वरती टोकदार, हात जोडल्यावर बोटं दिसतात तशा. भिंतींना बाहेरून टेकू, तेही विटांचेच, जाड, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढलेले. आणि एका कोपऱ्यात टॉवर. मी मान मागे केली तर पदर डोक्यावरून पडला. ढग चालले होते आणि टॉवर आपल्या अंगावर येतोय असं वाटत होतं. मी अन्वीचा हात धरून मागे झाले.

"पडत नाहीये आई," वैशाली म्हणली. "ढग हलतायत म्हणून वाटतं."

टॉवरच्या पायथ्याशी लोखंडी जाळीचं कुंपण होतं, लाल पाट्या लावलेल्या. वरून विटांचे कपचे पडतायत म्हणून पुढचं दार बंद केलं होतं. आम्ही बाजूच्या दाराने आत गेलो. पॅटने उघडलं. हातात हा एवढा जुडगा, पायात बूट, गळ्यात मोती.

आत थंड. बाहेर ऊन आणि आत हिवाळा. दोन्ही बाजूंना विटांचे खांब, एकामागे एक, खांबावरून कमानी निघालेल्या, आणि छत पण विटांचं. लाकूड नाही, पत्रा नाही, स्लॅब नाही. डोक्यावर इतक्या उंच विटा, नुसत्या विटा, बरगड्यांसारख्या वाकवलेल्या. एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात शिरल्यासारखं झालं. छताखाली एका जागी जाळी बांधलेली, तिच्यात विटांचे तुकडे पडलेले दिसत होते. बाकड्यावर बसायला मला जागा सापडेना, कारण प्रत्येक जागेच्या वर वीट होती.

मी वैशालीला विचारलं, "हे कशावर राहिलंय?"

ती म्हणली, "एकमेकांवर. प्रत्येक वीट पडायलाच निघालीये आई. सगळ्या एकदम निघाल्यात म्हणून कुणालाच पडता येत नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग तिने समजावलं. अशा बांधकामाला गॉथिक म्हणतात. गोल कमान वजन बाजूला फार ढकलते, भिंत बाहेर लोटते. टोकदार कमान वजन खाली सोडते. उरलेलं ढकलणं बाहेरचे टेकू अंगावर घेतात. म्हणून भिंत एवढी उंच नेता आली आणि तिच्यात एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या. ती बोलत होती तसा तिचा हात हवेत कमानी काढत होता. मालक पण असेच बोलायचे, हाताने.

पॅटने चहा दिला, दुधाचा, बिनसाखरेचा. मी साखर मागून घेतली. ती बोलत होती आणि जावई मला मराठीत सांगत होते. दीडशे वर्षांपूर्वी ही सगळी वस्ती कारखान्यांतल्या मजुरांची. श्रीमंतांच्या चर्चमध्ये बाकडी भाड्याने असायची, गरिबांनी मागे उभं राहायचं. इथल्या पाद्र्याने ठरवलं, गरिबांसाठी बांधायचं, सगळ्यांत उंच बांधायचं आणि बाकडं कुणाच्याही मालकीचं ठेवायचं नाही. दगड महाग. म्हणून वीट. माती इथलीच, मागे खोदलेली. तो खड्डा आता तळं झालाय, मुलं तिथे बदकांना पाव घालतात.

"विटा कुणी थापल्या?" मी विचारलं.

पॅट उठली आणि भिंतीवर काच लावून ठेवलेलं एक चित्र दाखवलं. बाया होत्या. बाया आणि पोरी. लांब घागरे, बाह्या वर केलेल्या, डोक्यावर मातीचा हा एवढा गोळा, दुसरा पोटाशी धरलेला. एक पोर अन्वीएवढी. मी बराच वेळ बघत राहिले. गोऱ्या बायका असं काम करत असतील हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पॅटने मला खालच्या भिंतीतली एक वीट दाखवली. ओली असताना कुणी उचलली असेल, चार बोटं उमटलेली. मी माझं बोट लावून बघितलं. माझं बोट मावलं नाही. लहान पोरीची होती.

मग पॅटने युद्धाचं सांगितलं. बॉम्ब पडला, आग लागली, वरचं कौलांचं छप्पर जळून गेलं. विटांचं हे आतलं छत राहिलं. तिची आई तेव्हा इथेच तळघरात होती, आजूबाजूची सगळी बायापोरं होती. रात्रभर वरून धडाधड आवाज. सकाळी बाहेर आली तर त्यांची स्वतःची घरं नव्हती, आणि हे होतं.

आता दर रविवारी मोजकी माणसं येतात. म्हाताऱ्या, दोन-तीन आफ्रिकेची कुटुंबं, ती छान गातात म्हणे. बाजूच्या खोलीत गरिबांना शिधा वाटतात. वैशाली आणि डेरेक जो रिपोर्ट देतील त्याच्यावर चर्च उघडं राहणार की कुलूप लागणार ते ठरायचं होतं. पॅटचा नवरा इथूनच गेला, त्याची शेवटची प्रार्थना इथेच झाली. ती म्हणली, "मलाही इथूनच जायचंय, पण आधी वीट डोक्यात पडून नाही." आणि स्वतःच हसली.

डेरेक तिथेच होता. त्याने टॉवरचा आजार सांगितला. दोन विटांमधल्या मूळ दरजा, म्हणजे सांधे, चुन्याच्या होत्या. मधे कुणीतरी दुरुस्ती करताना सिमेंट भरलं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. ओल विटेत अडकते, थंडीत तिचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि विटेचं तोंड फोडतो. मी आयुष्यभर सिमेंट कालवलं, मला हे नवीनच होतं. कुठल्या विटा गेल्यात ते जवळ जाऊन हातोडीने ठोकून ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोर.

मी जावयांना म्हणलं, "त्याला विचारा, तो स्वतः का जात नाही?"

जावई विचारायला तयार नव्हते. वैशालीनेच विचारलं. डेरेकने गुडघ्यावर हात मारला. म्हणला, तीस वर्षं गेलो, आता हे दोन्ही नाही म्हणतात. आणि तुमच्या मुलीचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.

दोर

दुसऱ्या दिवशी पहाटेच उजाडलं. इकडे त्या दिवसांत लवकर उजाडतं. सगळी झोपलेली. मी अंघोळ केली आणि बॅग उघडली.

आत दोन दोर होते, गुंडाळलेले, पांढरे, मधे निळा धागा. मऊ होते. काथ्यासारखे हाताला टोचत नव्हते. मला ते जास्तच भीतीदायक वाटलं. टोचेल तो दोर धरेल तरी, हा साबणासारखा. माझ्या पिशवीत देवाची डबी असते. कुंकू मी लावत नाही, देवाला लावते. दसऱ्याला आमच्यात थापी, करणी, ओळंबा, पाटी, सगळ्याची पूजा करायचो. हत्यार आपल्याला सांभाळतं, आपण त्याला मान द्यायचा. मी हळद पाण्यात कालवली आणि दोन्ही दोरांना पाच-पाच ठिकाणी बोटं लावली, वरून कुंकू. हात जोडले. आईने लेकीसाठी जे मागायचं असतं ते मागितलं. बॅग होती तशी लावून ठेवली.

चर्चपाशी डेरेकने दोर बाहेर काढला. त्याची सवय होती, सगळा दोर हातातून सरकवायचा, वीत वीत बघायचा. पहिल्या पिवळ्या डागापाशी तो थांबला. बोटाने घासलं. वास घेतला. मग वैशालीला हाक मारली.

वैशालीने डाग बघितला आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"आई, हे तू केलंस?"

"पूजा केली. पवित्र आहे ते."

"कुंकवात काय असतं माहितीये तुला?"

"हळद असते. चुना असतो."

"आणि अजून?"

मला माहीत नव्हतं. डबीवर लिहिलेलं नव्हतं.

तिने डेरेकला सांगितलं. तो रागावेल असं मला वाटलं. आमच्याकडे मुकादमाने आईमाई काढली असती. हा नुसती मान हलवत राहिला. मग खिशातून सुरी काढली आणि माझ्यासमोर दोर कापायला लागला. हातभर लांब तुकडे, एकामागून एक. पहिला दोर संपला की दुसरा घेतला. हळदकुंकू लावलेला दोर. लेक वर जायच्या आधी.

मी जाळीला धरून उभी राहिले. एवढा अपशकुन मी जन्मात बघितला नव्हता, आणि तो मीच घडवला होता.

"का कापतोय तो?" मी जावयांना विचारलं.

डेरेकला कळलं असावं. तो माझ्याजवळ आला, टोपी काढली आणि सावकाश बोलला. जावयांनी सांगितलं, "ते म्हणतात, दोर कदाचित चांगला असेल. पण रंगात काय आहे ते मला माहीत नाही. जे मला माहीत नाही त्याच्यावर मी कुणाला टांगत नाही. आणि नुसता कचऱ्यात टाकला तर दुसरं कुणी उचलून वापरेल. म्हणून तुकडे."

काम त्या दिवशी रद्द झालं. नवीन दोर दुसऱ्या गावावरून यायचे होते. पोलंडचा माणूस सिगरेट ओढायला गेला. वैशाली माझ्याशी बोलली नाही. दुपारी जावयांनी मासा आणि बटाट्याच्या जाड फोडी आणल्या, सोबत हिरव्या वाटाण्याचं काहीतरी गरगट, पिठल्यासारखं पण गोडूस. अन्वीने माझंही खाल्लं.

संध्याकाळ

जेवणं झाली तरी बाहेर ऊन होतं. वैशाली खिडकीत बसली होती. मी तेलाची बाटली घेऊन मागे बसले. मी तिचे केस सोडले.

थोड्या वेळाने ती म्हणली, "मुद्दाम केलंस?"

"काय?"

"काम बंद पाडायला."

"नाय गं. मला काय माहीत रंगाने दोर मरतो."

"डेरेकला वाटलं मी रडेन. मला हसू येत होतं. दोन नवे दोर, आई."

"भरून देऊ का?"

"गप बस."

मी तेल जिरवत राहिले. मग ती न वळता बोलली. "हवं तर तू 'नको' म्हण. खरंच सांगते. तू आत्ता नको म्हणलीस तर मी डेरेकला फोन करते. दुसरं कुणी येईल. मी ऑफिसात बसेन, रिपोर्ट लिहीन. तुझ्या डोक्यात होतं ना तसं, खुर्चीवर. पण मग नंतर कधीच जाणार नाही. असं मधेमधे नाही जमत मला."

"तुला आवडतं ते?"

"वर गेलं की सगळं शांत होतं. वीट आणि मी. ठोकलं की कळतं." मग जरा थांबून म्हणली, "बाबांना पण आवडत असेल ना?"

त्यांना आवडायचं. सुट्टीच्या दिवशी पण दुसऱ्याच्या बिल्डिंगीकडे माना वर करून बघायचे. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. माझ्या जिभेवर एकच शब्द होता, नको. सोपा शब्द. मी तो म्हणले असते तर तिने ऐकलं असतं, ती तशी आहे. मला सकाळचे दोराचे तुकडे दिसत होते. दिवसभर मला तो अपशकुन वाटला होता. आता बसल्या बसल्या दुसरंच दिसलं. एका बोटाच्या कुंकवाला भिऊन या माणसाने नवेकोरे दोर कापले. आमच्या मुकादमाने कुजका काथ्या तिसऱ्यांदा बांधला होता. मालकांच्या वेळी कापणारं कुणी नव्हतं.

भीती तेवढीच होती. पण नको म्हणायला जे लागतं ते माझ्याकडे उरलं नाही.

मी म्हणलं, "केस धुऊन टाक."

"आत्ता तर तेल लावलंस."

"उद्या वर टोपी घसरेल."

ती वळली आणि माझ्याकडे बघितलं. मग उठून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

टॉवर

सकाळी वर जायच्या आधी डेरेक सगळ्यांना गोल उभं करतो. प्रत्येकाला विचारतो, झोप झाली का, काही खाल्लं का, मनात काही आहे का. ज्याची झोप नाही तो वर जात नाही. वैशाली म्हणली, झोपले. पोलंडचा माणूस म्हणला, झोपलो. मग डेरेकने मला विचारलं.

मी म्हणलं, "नाय."

"मग तुम्ही जमिनीवर," तो म्हणला. सगळे हसले. मी पण.

ती दोघं नवे दोर घेऊन आतल्या जिन्याने वर गेली. आम्ही कुंपणाच्या बाहेर, लांब. बराच वेळ काही दिसलं नाही. मग टॉवरच्या कठड्यावर एक पिवळी टोपी दिसली, आणि एक पाय बाहेर आला.

तो पाय मला ओळखता आला. इतक्या लांबून. मी तिला चालायला शिकवलंय.

ती कठड्यावरून मागे झुकली आणि हवेत बसली. नुसती हवेत. मग खाली यायला लागली, हातभर, थांबली, हातोडीचा आवाज, टक, टक. परत हातभर. चांगली वीट खणकन वाजते, गेलेली बोदकी, फुटक्या मडक्यासारखी. मला खालून फरक ऐकू येत होता. ती खडूने खुणा करत होती. वारा सुटला की दोर हलायचा आणि त्याच्याबरोबर माझं काळीज. पॅट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने माझं कोपर धरलं, आणि ओठ हलत होते. मी पण माझ्या देवाचं नाव घेत होते. दोन्ही देवांना तेव्हा काम होतं.

टॉवरच्या मधोमध घंटेच्या खोलीच्या उंच खिडक्या आहेत, लाकडी पट्ट्यांच्या. ती तिथे पोचली. एका पट्टीला तिचा हात लागला असेल. आतून एकदम कबुतरं उसळली, पाच-पन्नास, सगळी तिच्या तोंडावर. ती भिंतीपासून लांब फेकली गेली, गरकन फिरली आणि परत येऊन खांद्याने भिंतीवर आदळली. विटेचा एक मोठा कपचा सुटला. तो पडताना मी बघितला. तो कुंपणाच्या आत अंथरलेल्या फळ्यांवर येऊन फुटला. जिन्यात ऐकला होता तसाच आवाज होता. तसाच.

अन्वीने श्वास आत घेतला. पोर किंचाळायच्या आधी घेतं तसा. मी तिच्या तोंडावर हात दाबला. जोरात दाबला. ती माझ्या तळव्यात ओरडली, मम्मी, मम्मी, आणि तिचा श्वास माझ्या हाताला गरम लागत होता. जावयांचं तोंड उघडं होतं, मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. माझ्या स्वतःच्या छातीत तिचं नाव दगडासारखं येऊन बसलं होतं.

हे आम्ही बांधकामावर शिकलोय. वरच्या माणसाला खालून नावाने हाक मारायची नाही. त्याने स्वतःला सावरलेलं असतं, हाक आली की तो खाली बघतो, हात सुटतो. त्याचं त्याला बघू द्यायचं.

मी डेरेककडे बघितलं. वॉकीटॉकी त्याच्या तोंडाशी होती आणि तोही बोलत नव्हता. बोट बटणावर, डोळे वर. मान लाल झाली होती. पोलंडचा माणूस वरून वाकून बघत होता, तोही गप्प. सगळे गप्प. कबुतरं गोल फिरून परत येत होती, त्यांच्या पंखांचा आवाज तेवढा.

मग वॉकीटॉकी खरखरली. वैशालीचा आवाज आला. इंग्रजीत होता, पण मला कळला. ठीक आहे, म्हणली. कबुतरं.

तेव्हा डेरेकने बटण दाबलं आणि विचारलं, वर घेऊ का. ती म्हणली, नको, ही बाजू पूर्ण करते.

आणि टक, टक, परत सुरू झालं.

मी अन्वीच्या तोंडावरून हात काढला. तिच्या गालावर माझी बोटं उमटली होती. ती रडत होती, म्हणली, "आजी, तू मला हर्ट केला." मी म्हणलं, "होय बाळा." मी खाली बसले. गवत ओलं होतं, पॅट पण शेजारी बसली. तिचे मोती वाकडे झाले होते.

वैशाली जेवायच्या वेळेला जमिनीला लागली. अंगभर विटेची लाल धूळ, खांद्यावर कबुतराची घाण. चालताना खांदा धरत होती. मी जवळ गेले नाही, तिच्या अंगावर कड्या आणि पट्टे होते, काढायला वेळ लागतो. तिने हेल्मेट काढलं. केस कोरडे होते, तेलाचा थेंब नाही.

"खांदा?" मी विचारलं.

"सुजेल."

"दाखव."

"आधी खायला दे. काय आणलंयस?"

मी डबा उघडला. ती उभ्यानेच खात होती आणि डेरेकला भिंतीवरच्या खुणा दाखवत होती. पॅट समोर येऊन उभी राहिली. वैशालीने घास गिळला आणि तिला सांगितलं. जावयांनी मला सांगितलं. टॉवर पाडावा लागणार नाही. वरचा भाग उतरवून परत चुन्यात बांधायचा, दोन वर्षं जातील. चर्च उघडं राहील. पॅटने मान डोलावली आणि चाव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. मग मला म्हणली, "टी, बॅब?"

आम्ही शनिवारी ईलिंगला परत आलो. भीती गेली का असं जावई मला टाइप करता करता विचारतायत. नाही गेली. वैशाली सकाळी बॅग उचलते तेव्हापासून ती परत येईपर्यंत मी दाराकडे बघत असते. पण आता ती मला सांगून जाते कुठे चाललीय, किती उंच आहे. आधी मला काहीच माहीत नसायचं. हे जास्त जड आहे, पण हे बरं आहे.

वाचणाऱ्याला माझी एक विनंती आहे. तुमच्या बिल्डिंगीला रंग चालला असेल, गवंडी वर असेल, वायरमन खांबावर असेल, तर खालून हाक मारू नका. ओळखीचा असेल तर मुळीच नको. फोनही करू नका. पोरंबाळं बरोबर असतील तर त्यांना धरून ठेवा. चहा झाला असेल तर झाकून ठेवा. तो आधी बोलेल, मग तुम्ही बोला.